हातांना सवलत नाही

पेशंटने 'बरं वाटलं' म्हटलेलं नीलाताई आंबेकरांना आवडायचं नाही. उपचाराच्या टेबलावरून उतरून, बुटाची नाडी बांधता बांधता कुणी म्हणालं, की काय आराम पडलाय म्हणून सांगू, तर दुसरा कुणीही ऑस्टिओपॅथ हसून थँक्यू म्हणेल. नीलाताईंच्या कपाळावर आठी पडायची. "आत्ता नका सांगू. आत्ता तुम्ही माझ्यासमोर उभे आहात, तुम्हाला माझी भीड पडते. सहा आठवड्यांनी घरी बसून सांगा." असं म्हणून त्या एक छापील फॉर्म पुढे करायच्या. पैसे द्यायला आलेला माणूस हातात फॉर्म घेऊन ओशाळा होऊन बाहेर पडायचा.

मीही असाच बाहेर पडलो होतो. नागपूरहून इंग्लंडात, ब्रॅकनेलला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्याने कपाट जोडायला गेलो आणि पाठीत अशी उसण भरली की सरळ उभं राहता येईना. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, गोळ्या आणि धीर धरण्याचा सल्ला दिला. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, मेडनहेडला ड्रायक्लीनरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मराठी बाई बसतात, त्यांना दाखव. कशीबशी गाडी चालवत गेलो. साठी उलटलेली, बुटकी, केस आखूड कापलेली एक बाई दारात उभी होती. मी जिना चढताना कसा चढतो, ते त्या वरून बघत होत्या. अर्धा तास त्यांनी पाठ, कंबर, मांडी चाचपली, दाबली, ताणली. उठलो तेव्हा मी ताठ उभा होतो. मी भारावून म्हणालो, "ताई, जादू आहे तुमच्या हातात!"

"जादू असती तर खाली दुकानात तिकीट लावलं असतं," त्या फटकन म्हणाल्या. "उसण बहुतेकांची आपोआप जाते. तुझी माझ्यामुळे गेली की जायचीच होती, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. काम काय करतोस?"

मी म्हणालो, "डेटा अ‍ॅनालिस्ट आहे." त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्या दिवसापासून मी त्यांच्या तावडीत सापडलो, तो शेवटपर्यंत.

ऑस्टिओपॅथी म्हणजे सांधे, स्नायू, मणके हातांनी चाचपून, ताण देऊन, दाबून दुखणं कमी करायची विद्या. ब्रिटनमध्ये तिला कायद्याची मान्यता आहे. नोंदणी असल्याशिवाय कुणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेऊ शकत नाही. तरीही हॉस्पिटलातले बरेच डॉक्टर हे नाव ऐकलं की भुवई उडवतात, आणि ऑस्टिओपॅथ मंडळी त्या भुवईवर आयुष्यभर चिडून असतात. नीलाताई दोघांवर चिडायच्या. "ते म्हणतात काही होत नाही, आमचे म्हणतात सगळं होतं. मोजलंय कुणी? दोघांनाही नुसतं वाटतंय." 'वाटतंय की मोजलंय?' हा प्रश्न त्या इतक्या वेळा विचारायच्या की त्यांची इंग्लंडात जन्मलेली मुलगी अनिता, जिला मराठीत धड भांडताही यायचं नाही, तीसुद्धा हे तीन शब्द अस्खलित म्हणायची.

लहानपणी त्या वडिलांबरोबर साताऱ्याहून इथे आल्या. पुढे लंडनमध्ये ही विद्या शिकल्या आणि तीसेक वर्षं प्रॅक्टिस केली. एवढ्या वर्षांनी माणूस निवांत होतो. या बाईंना प्रश्न पडला, की आपण एवढी वर्षं जे केलं त्याने खरंच काही झालं का? पडला तर पडला, गप्प बसावं. पण त्यांनी इंग्लंडभरची छोटी छोटी क्लिनिकं गोळा केली आणि एक संशोधन-मंडळ उभं केलं. ना युनिव्हर्सिटीचा आधार, ना मोठं हॉस्पिटल पाठीशी. फोन करायचे, ईमेल करायचे, एथिक्स कमिटीच्या शंकांना उत्तरं द्यायची, गावोगावी जाऊन लोकांना फॉर्म भरायला शिकवायचं, आणि ते भरलेले फॉर्म परत येतात की नाही यावर डोळा ठेवायचा. एकही रकाना रिकामा न ठेवणाऱ्या क्लिनिकला त्या घरच्या शंकरपाळ्यांचा डबा पाठवायच्या. रकाने रिकामे ठेवणाऱ्यांना फोन जायचा. त्या फोनपेक्षा लोक रकाने भरणं पसंत करत. लेस्टरचा ग्रॅहम, जो मंडळाचा अध्यक्ष होता आणि सहा फूट तीन इंच होता, तोसुद्धा त्यांचा नंबर दिसला की खुर्चीतून उभा राहायचा.

पहिला अभ्यास कंबरदुखीचा होता. पेशंटना आधी सगळं समजावून, त्यांची सही घेऊन, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एका गटाला खरा उपचार. दुसऱ्याला तेवढाच वेळ, त्याच जागी नुसते हात ठेवायचे, बाकी काही करायचं नाही. आपण कुठल्या गटात आहोत ते पेशंटला कळू द्यायचं नाही. हिशेब करणारा मी, मलाही फक्त 'अ' आणि 'ब' एवढंच कळणार.

ऐकायला सोपं वाटतं. पण तीस तीस वर्षं हातांनी काम केलेल्या माणसांना 'काही करू नका' म्हणणं काय असतं, ते मी मेडनहेडच्या एका चर्च हॉलमध्ये एका रविवारी पाहिलं. दहा-बारा ऑस्टिओपॅथ टेबलांवर एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून उभे, आणि नीलाताई लाकडी पट्टी घेऊन त्यांच्यामधून फिरतायत. आखडलेला स्नायू हाताला लागला की यांची बोटं आपसूक त्याच्याकडे निघायची. त्यांना पत्ताही नसायचा. ग्रॅहमच्या अंगठ्यावर नीलाताईंनी पट्टी टेकवली. "ग्रॅहम, युअर थम्ब इज गॉसिपिंग." ग्रॅहम लाल झाला. "नीला, मी काही करत नाहीये!" पुन्हा पट्टी. "तू नाही करत. तो करतोय." दिवसभर हा न करण्याचा वर्ग चालला. संध्याकाळी सगळे ओझी वाहिल्यासारखे दमले होते. एकजण मला म्हणाला, दुखणाऱ्या माणसावर हात ठेवून गप्प राहण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही.

दोन वर्षांनी निकाल उघडला. दोन्ही गट सुधारले होते. जवळजवळ सारखेच सुधारले होते. खरा उपचार आणि नुसते ठेवलेले हात यांत फरक सापडला नाही.

ती मीटिंग मी विसरणार नाही. सगळे छापलेला तक्ता पुन्हा पुन्हा उलटून बघत होते. मग ग्रॅहम घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे आपले सगळेच पेशंट बरे झाले! आपण तेच लिहू या." नीलाताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मीटिंग मोडल्यावर ग्रॅहमने मला पार्किंगमध्ये गाठलं. प्रत्येक क्लिनिक वेगळं काढून बघ ना, म्हणाला, नुसतं बघ. आणि मी बघितलं. कुणाला न विचारता, घरी बसून. आज लिहितानाही कानशिलं तापतात, पण बघितलं.

जे दिसलं त्याने मी खुर्चीतून उडालोच. एकच क्लिनिक वगळलं की फरक स्पष्ट दिसत होता, उपचाराच्या बाजूने. आणि ते क्लिनिक खुद्द नीलाताईंचं होतं. त्यांच्याकडे नुसते हात ठेवलेले पेशंटसुद्धा खऱ्या उपचाराइतकेच सुधारले होते. मला वाटलं, उलगडलं सगळं! या बाईंचे हात गप्प बसूच शकत नाहीत. त्यांना वगळायला याहून सन्मानाचं कारण कुठलं असणार? अभ्यास वाचेल, धंदा वाचेल आणि त्यांचं कौतुकही होईल. मी शनिवारी सकाळी पेढे घेऊन निघाल्यासारखा मेडनहेडला पोहोचलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा ओतला. स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. मला वाटलं, आनंदाने अवाक झाल्या.

"हे करायला तुला कुणी सांगितलं?"

"ग्रॅहम म्हणाला. पण ताई, आकडे खरे आहेत."

"निकाल बघून झाल्यावर कुणाला बाहेर काढायचं ते ठरवलंस. बरं. मला एक सांग, निकाल आपल्या बाजूने लागला असता, तर माझं क्लिनिक वेगळं काढून बघितलं असतंस?"

मी पुढे केलेले कागद परत ओढून घेतले.

"माझे हात गप्प नव्हते, असं तुला वाटतंय की मोजलंय?"

"ताई, पण दुसरं काय कारण असेल?"

"शंभर असतील. माझे पेशंट वेगळे असतील, मी जास्त बोलत असेन, नाहीतर निव्वळ योगायोग असेल. तुला यातलं एक आवडलं, कारण त्यात माझी स्तुती आहे आणि सगळ्यांची सुटका आहे." त्यांचा आवाज चढला. "अरे, मला काय हे ऐकायला आवडणार नाही? तीस वर्षं या हातांवर जगले मी! नुसते ठेवले तरी माणूस बरा होतो, असं कुणी मला सांगतंय, आणि मी ते खोडून काढतेय. मला माझे हात फार प्रिय आहेत, मिलिंद. म्हणूनच त्यांना सवलत नाही. आधी ठरवलंय तेच छापायचं. हे तुझं जे आहे ते पुढच्या अभ्यासासाठी प्रश्न म्हणून खाली लिही, उत्तर म्हणून नाही."

मी जिना उतरलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. अपमानाचं होतं, खोटं कशाला बोलू. ती बाई बरोबर होती हे पटायला मला आठवडा लागला.

लेख जसाच्या तसा छापून आला. पहिल्याच परिच्छेदात, कुणाला शोधावं लागू नये अशा जागी, त्यांनी वाक्य घातलं होतं, की आमच्या उपचारात आणि नुसते हात ठेवण्यात आम्हाला फरक आढळला नाही. मग जे व्हायचं ते झालं. मंडळातून निम्मी माणसं गेली. ग्रॅहमने अध्यक्षपद सोडलं आणि नीलाताईंशी बोलणं टाकलं. काही पेशंट यायचे बंद झाले. त्या वर्षी एका हॉटेलच्या हॉलमध्ये व्यवसायातल्या लोकांची सभा होती. नीलाताई आपणहून गेल्या आणि मला सोबत घेऊन गेल्या. त्यांचं बोलणं संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. मागून एकजण उठून म्हणाला, "तुम्ही आपल्या शत्रूंच्या हातात आयतं कोलीत दिलंत."

नीलाताई माइकपर्यंत पुरायच्या नाहीत. त्यांनी तो खाली ओढला. "मी शत्रूंसाठी अभ्यास केला नाही. पेशंटसाठी केला. तो विचारतो, याने मला फरक पडेल का? त्याला माहीत नसताना 'हो' सांगून रोज सकाळी क्लिनिक उघडणं मला जमणार नाही. तुम्हाला जमत असेल तर उघडा. आणि हे मी सोडून देणार आहे असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पुढच्या अभ्यासाला क्लिनिकं हवी आहेत. नावं बाहेरच्या टेबलावर द्या."

टेबलावर तीन नावं आली. नीलाताई परतीच्या गाडीत भलत्या खूश होत्या. "तीन! मला वाटलं होतं एकही येणार नाही."

दुसऱ्या बाजूनेही पत्र आलं. हॉस्पिटलातल्या एका हाडांच्या सर्जनने अभिनंदन केलं होतं, की शेवटी तुमच्यापैकी कुणीतरी प्रामाणिकपणे मान्य केलं हे बरं झालं. नीलाताईंनी तासाभरात उत्तर लिहिलं, की आभारी आहे, आता तुम्ही कंबरेत जी इंजेक्शनं देता त्यांचीही अशीच परीक्षा एकत्र घेऊ या, आमची फॉर्म भरून घ्यायची सगळी व्यवस्था तयार आहे, कुठल्या सोमवारी येऊ? त्या पत्राला उत्तर आलं नाही. नीलाताई दर सोमवारी मला विचारायच्या, "आलं का रे आपल्या मित्राचं काही?"

दुसरा अभ्यास उभा राहायला आणखी वेळ गेला. या वेळी प्रश्न सरळ होता. एका गटाला हातांचा उपचार, दुसऱ्याला तेवढाच वेळ, तेवढंच बोलणं, व्यायाम आणि सल्ला, पण हात लावायचा नाही. आणि पेशंटला वर्षभर विचारत राहायचं. एक दिवस ग्रॅहम मेडनहेडला येऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "मी अजून तुझ्यावर रागावलेलो आहे, पण खरं उत्तर मला दुसरं कुणी देणार नाही." नीलाताईंनी त्याला आत घेतलं, चहा दिला आणि फॉर्मचा गठ्ठा दिला. लेस्टरचं क्लिनिक परत आलं. त्या अभ्यासात सगळ्यात जास्त पेशंट ग्रॅहमनेच आणले.

या वर्षीच्या मार्चमध्ये नीलाताईंचं वजन उतरू लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांत सांभाळणाऱ्या ठिकाणी, हलवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आठवडे आहेत, महिने नाहीत. आणि नेमकी त्याच वेळी अभ्यासाची माहिती जवळजवळ पूर्ण झाली होती. एकच फॉर्म यायचा होता. लेस्टरच्या एका बाईंचा वर्षअखेरीचा फॉर्म. मुलीच्या बाळंतपणाला त्या परदेशी गेल्या होत्या. नियमाप्रमाणे तो येईपर्यंत, किंवा मुदत संपेपर्यंत, 'अ' कोण आणि 'ब' कोण ते उघडायचं नव्हतं. मुदतीला सहा आठवडे होते.

ग्रॅहमचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला रडताना ऐकलं. "उघड ते, मिलिंद. एका फॉर्मने काय होणार आहे? तिला कळू दे. मी मंडळापुढे सगळी जबाबदारी घेतो." या वेळी त्याचा काही डाव नव्हता. निव्वळ माया होती. मलाही तेच वाटत होतं. पण मागच्या वेळची आठवण होती, म्हणून आधी विचारायला गेलो.

नीलाताई उशांना टेकून बसल्या होत्या. आवाज बारीक झाला होता, नजर नाही. अनिता शेजारी होती. मी सगळं सांगितलं. अनिताच आधी बोलली, "मिलिंदकाका, आई खूप हट्टी आहे, तिचं ऐकू नका. प्लीज उघडा तो फाईल. शी डिझर्व्ज टु नो."

"एक फॉर्म बाकी आहे ना?" नीलाताई म्हणाल्या.

"एकच, ताई. त्याने निकाल फिरणार नाही."

"त्या बाईंनी वर्षभर आपले फॉर्म भरलेत. दुखत असताना भरलेत. त्यांचं ऐकून न घेता निकाल लावायचा?"

"ताई, तुमच्याकडे सहा आठवडे नाहीत." हे मी बोललो. कसं बोललो माहीत नाही.

"ते मला माहीत आहे. तेवढं मोजता येतं मला." त्या हसल्या. "मला कळायला हवंय रे. फार हवंय. रात्रंदिवस दुसरं काही डोक्यात नसतं. पण मी मरतेय म्हणून नियम मोडला, तर उद्या कुणाची आई आजारी म्हणून मोडतील, परवा कुणाची नोकरी जातेय म्हणून. आणि मग ते छापून आल्यावर तो सर्जन म्हणेल, यांनी मध्येच उघडून बघितलं होतं. त्याला मी तेवढंही देणार नाही." दम लागला म्हणून त्या थांबल्या. "ग्रॅहमला सांग, रडू नकोस. आणि उघडलंस तर याद राख."

अनिता उठून बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिलो. नीलाताईंना त्यांचे पाय दुखत होते. मी चादरीवरून ते चेपायला लागलो, तर म्हणाल्या, "जरा खाली. हं, तिथे. अंगठा नको, तळवा वापर." मला धड जमेपर्यंत त्या शिकवत राहिल्या.

नऊ दिवसांनी त्या गेल्या. काही न कळता गेल्या. मला याचा राग आला होता आणि अजून आहे. नियमावर नाही, त्यांच्यावरही नाही. कशावर ते नीट सांगता येत नाही. अंत्यविधीला आलेली माणसं त्यांच्या हातांबद्दल बोलत होती. हात काय, दैवी होते, असं एक पेशंट म्हणाली. मी भर हॉलमध्ये म्हणालो की ते अजून ठरायचं आहे, निकाल पुढच्या महिन्यात आहे. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. ग्रॅहम मात्र मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

हे सगळं मी मुद्दाम निकाल उघडायच्या आधी लिहितो आहे. त्या बरोबर ठरल्या म्हणून मोठ्या, किंवा चुकल्या म्हणून बिचाऱ्या, असं कुणाला म्हणता येऊ नये.

परवा लेस्टरहून टपाल आलं. त्या बाई परत आल्या होत्या. फॉर्म मुदतीच्या आत होता, सगळे रकाने भरलेले, एकही कोरा नाही. त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की नातीच्या गडबडीत राहून गेलं, उशिराबद्दल माफ करा, माझ्यामुळे कुणाचं काही अडलं नसेल अशी आशा आहे.

मी क्लिनिकमार्फत त्यांना उत्तर पाठवलं. नातीसाठी अभिनंदन केलं, आभार मानले आणि लिहिलं, काही अडलं नाही.